आईला वृद्धांच्या केंद्रात ठेवून नऊ महिने: देखरेखीचा अनुभव

आई ८१ वर्षांची, स्मृतिभ्रंशाची. आमचं घर वडगावात. मी नोकरीला, भाऊ पुण्याला. एकदा भरदुपारी ती कडी काढून एकटीच बाहेर पडली, तेव्हा निर्णय घेतला. एप्रिलपासून ती बेळगावातल्याच एका खासगी केंद्रात आहे. महिना १८ हजार, डायपर आणि औषधं वेगळी. खोली स्वच्छ, जेवण साधं पण गरम. त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते देखरेखीबद्दल.

पहिल्या दिवशी ऑफिसातल्या टीव्हीवर त्यांनी सगळे कॅमेरे दाखवले. मी निर्धास्त झाले. जूनमध्ये पहाटे तीनच्या सुमारास आई पडली, मनगट मोडलं. कॅमेऱ्यात सगळं होतं, पण आम्ही ते पाहिलं सकाळी. आई पलंगाच्या कडेला बसलीय, काहीतरी म्हणतेय. रात्रपाळीची मुलगी धावत येते, पाणी पाजते, पांघरूण सारखं करून जाते. थोड्या वेळाने आई पुन्हा उठते.

ती मुलगी बैलहोंगलकडची, नवीन, मराठी अजिबात न येणारी. रडत मला म्हणाली, अज्जी "मोरी, मोरी" म्हणत होत्या, मला कळलंच नाही. मोरीला कन्नडमध्ये म्हणतात तसं "बच्चलु" म्हटलं असतं तर तिने हात धरून नेलं असतं. माझा राग तिच्यावर नव्हताच. त्या रात्री २२ जणांमागे ती एकटी जागी होती. हा हिशेब आपण प्रवेश घेतानाच विचारायला हवा: रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात? मी विचारला नव्हता, आणि आईचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिला.

मग आम्ही एक कागद केला. मोरी, तहान, दुखतंय, भोवळ, थंडी असे आईचे शब्द कन्नड लिपीत, समोर कन्नड अर्थ. पलंगाशेजारी चिकटवला. शिवाय झोपण्याआधी आणि रात्री दोनला, आईने मागो न मागो, मोरीला न्यायचं ठरलं. त्यानंतर ती एकदाही पडलेली नाही.

ऐन श्रावणात आई एकदम चिडचिडी झाली, दिवसभर पेंगायची, मला ओळखेना. दिवसपाळीवाल्यांनी "वय झालं" म्हणून सोडून दिलं. फोन आला तो त्याच मुलीचा: अज्जी कालपासून नीरु (पाणी) घेत नाहीत, डायपरही कोरडाच आहे. तपासणीत लघवीचा संसर्ग निघाला. म्हाताऱ्या माणसांना अशा वेळी ताप येतोच असं नाही, नुसता गोंधळ वाढतो. औषधाने चार-पाच दिवसांत आई पूर्ववत झाली. इतके कॅमेरे असून हे कुणाला दिसलं नव्हतं.

दिवेलागणीला आई अजूनही "घरी जाते" म्हणून दाराशी उभी राहते. या आजारात संध्याकाळी अस्वस्थपणा वाढतो. पूर्वी तिला ओढून आणायचे, ती ओरबाडायची. आमच्या घरी माग होता, जन्मभर तिने कांड्या भरल्या. मी सुताची एक लड नेऊन दिली. आता त्या वेळेला ती गुंडाळत बसते, बोटं अजून चुकत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. शेजारच्या आजी पूर्ण अंथरुणावर आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, तशी वहीत नोंद करायची. एकदा संध्याकाळी सातला मी वही चाळली, तर रात्री दोनची नोंद सहीसकट तयार! मी तिथेच मॅनेजरना दाखवली. कामाच्या गडबडीत झालं म्हणाले. ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर बोलेन, असं मी स्पष्ट सांगितल्यावर पुढच्या महिन्यात रात्रपाळीला दुसरं माणूस आलं. तेव्हापासून मी वेळ न कळवता जाते, कधी पहाटे, कधी रात्री दहाला. त्यांनी अडवलं नाही, म्हणून आई अजून तिथे आहे. अडवलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी आणली असती.

बैलहोंगलची मुलगी लग्न ठरल्यामुळे पुढच्या महिन्यात जातेय. तिच्या जागी गोकाककडची एक आलीय. गेल्या रविवारी मी पोचले तेव्हा जुनी नवीला त्या कागदासमोर उभी करून एकेक शब्द म्हणवून घेत होती. पहिला शब्द अर्थातच मोरी.