आजार असताना डेंटल इम्प्लांट: ही सेवा कुठे खरी उतरते, कुठे कमी पडते

वस्तू म्हणून इम्प्लांट उत्तम आहे. टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर बसणारं अ‍ॅबटमेंट, म्हणजे कॅप धरणारा जोडतुकडा, आणि वर दाताची कॅप, एवढीच त्याची रचना. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्या माणसाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं टिकले. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर हाडाच्या पेशी थेट वाढतात आणि स्क्रू हाडाशी एकजीव होतो, यावर सगळं उभं आहे. स्क्रू बसवतात डॉक्टर, धरून ठेवतं ते हाड. त्यामुळे ज्यांची साखर, रक्त, हाडं किंवा प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे बदललेली आहे, त्यांनी या सेवेची पारख वेगळ्या मापाने करायला हवी. मशीन किती नवं आहे हे नंतर बघा. पहिल्या भेटीत काय काय विचारलं जातं, ते आधी बघा.

बहुतेक ठिकाणी सेवा कमी पडते ती नेमकी इथेच. फॉर्मवर एकच ओळ असते: ‘काही आजार आहे का? हो / नाही’. गोळीने साखर आटोक्यात असलेला माणूस ‘नाही’वर खूण करतो, कारण त्याच्या लेखी तो बरा आहे. हाडांसाठी सहा महिन्यांतून एकदा घेतलेलं इंजेक्शन तर औषध म्हणून आठवतच नाही. चांगल्या क्लिनिकमध्ये घरातल्या सगळ्या औषधांची पिशवीच घेऊन यायला सांगतात, एकेक स्ट्रिप टेबलावर काढून नाव आणि डोस लिहून घेतात आणि मग वेगळा प्रश्न विचारतात: ‘गेल्या काही वर्षांत हाडांसाठी किंवा कॅन्सरसाठी इंजेक्शन, सलाइन, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असं काही चालू होतं का?’ हा प्रश्न विचारला गेला नाही, तर आपण स्वतः सांगायचं.

कारण हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. अ‍ॅलेन्ड्रोनेट, रायसेड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आणि डेनोसुमॅब ही औषधं हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात. पाठीचा कणा आणि खुबा वाचवण्यासाठी ती मोलाची आहेत. पण जबड्याच्या हाडाला जखम भरताना जुना भाग काढून नवा घालावा लागतो आणि तीच क्रिया मंदावलेली असते. क्वचित प्रसंगी जखम मिटत नाही, हाड उघडं पडतं, पू होतो. आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडं राहिलं, तिथे रेडिएशन झालेलं नाही आणि रुग्ण ही औषधं घेत आहे किंवा पूर्वी घेत होता, तर तो औषधामुळे झालेला जबड्याच्या हाडाचा नाश समजतात.

इथे डोस आणि कारण या दोन्हींनी चित्र पूर्ण बदलतं. ऑस्टिओपोरोसिससाठी, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी, गोळी घेणाऱ्याला धोका फार कमी असतो; नीट समजावून, लेखी संमती घेऊन इम्प्लांट होऊ शकतं. कॅन्सर हाडात पसरला म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन घेणाऱ्याला मात्र इम्प्लांट करूच नये. ‘गोळी दोन महिने बंद करा आणि या’ एवढ्यावर भागवणारं क्लिनिक आम्हाला मान्य नाही. बिस्फॉस्फोनेट, म्हणजे वरच्या यादीतली पहिली तीन औषधं ज्या गटातली तो गट, हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतं, दोन महिन्यांत ते निघून जात नाही. डेनोसुमॅबचं उलटं आहे: त्याचा परिणाम ओसरतो, पण ठरलेलं इंजेक्शन फार लांबवलं तर हाडांची झीज उसळी मारते आणि मणक्यांना फ्रॅक्चर होऊ शकतात. म्हणून तारीख ठरवायची ती हाडांच्या डॉक्टरांशी बोलून. हाडांच्या झिजेचा अंदाज देणारी रक्ताची सीटीएक्स नावाची चाचणी करून ‘आता सुरक्षित आहे’ असं कोणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका. एकट्या रुग्णाचा धोका ती भरवशाने सांगत नाही.

दुसरा कच्चा दुवा म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. ‘पाच दिवस बंद ठेवा’ असं फोनवर सांगून मोकळं होण्याची जुनी सवय अजून गेलेली नाही. हिरडीतून आलेलं रक्त दाबून, टाके घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये किंवा मेंदूत झालेल्या गुठळीचं तसं नाही. अ‍ॅस्पिरिन बंद करायची गरज सहसा पडत नाही. अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलही चालू असेल, म्हणजे स्टेंट नुकताच बसला असेल, तर इम्प्लांटच पुढे ढकलायचं, कारण ही काही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. वॉरफरिन असेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच्या २४ तासांत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा, तपासून घ्यायचा. तो ३.५ च्या आत असेल तर साधं एखाद-दुसरं इम्प्लांट गोळी न थांबवता करतात. अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, रिव्हॅरॉक्सॅबॅन यांना आयएनआर लागू पडत नाही. तिथे हृदयरोगतज्ज्ञ दोन वेळच्या गोळीतली सकाळची एक चुकवायला किंवा एकवेळची गोळी काही तास पुढे ढकलायला सांगू शकतात. हा निर्णय त्यांचाच. दातांच्या क्लिनिकने परस्पर घ्यायचा नाही आणि रुग्णाने तर मुळीच नाही.

अशा रुग्णाला सकाळची वेळ द्यायची, तीही आठवड्याच्या सुरुवातीची. रात्री रक्त येऊ लागलं तर दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडं असायला हवं. घरी पाठवताना हातात स्वच्छ गॉजची पाकिटं द्यायची. गॉजची घडी ओली करून नेमकी जखमेवर ठेवायची आणि दात घट्ट आवळून ३० मिनिटं दाबून धरायची. लोक दर दोन मिनिटांनी ती काढून रक्त थांबलं का बघतात आणि नुकतीच जमलेली गुठळी गॉजसोबत निघून येते. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, स्ट्रॉ वापरायचा नाही.

मधुमेहाच्या बाबतीत सेवा बऱ्यापैकी सुधारली आहे, निदान साखर तरी विचारतात. पण त्या दिवशी बोटातून काढलेल्या थेंबावर निर्णय घेणं पुरेसं नाही. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी, हवीच. ७ टक्क्यांच्या आसपास असेल तर मोकळेपणाने पुढे जावं. ८ च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणावी. अशा वेळी थांबायला सांगणारा डॉक्टर गिऱ्हाईक घालवतोय असं समजू नका, तो तुमचं हाड वाचवतोय. चढ्या साखरेत बारीक रक्तवाहिन्या आणि पांढऱ्या पेशी दोन्ही मंदावतात, जखम उशिरा भरते, संसर्ग लवकर होतो.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मधुमेहींनी उपाशी यायचं नाही. जागेवरची भूल द्यायची असेल तर नाश्ता करून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळी यायचं. गोळी घेतली, घाबरून खाल्लं मात्र नाही, अशाने खुर्चीवरच घाम फुटतो, हात थरथरतात. साखर ७० मिग्रॅच्या खाली गेली की काम थांबवून ग्लुकोज द्यावं लागतं. गुंगीचं औषध देणार असतील तर उपाशी राहणं भाग पडतं. तेव्हा कोणती गोळी घ्यायची, कोणती टाळायची हे आदल्या दिवशी लेखी मागून घ्या. आणि ‘एकाच दिवसात पक्के दात’ ही जाहिरात मधुमेहींसाठी नाही. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा महिने थांबून मगच कॅप चढवावी. हाड विरळ असेल तर आणखी थांबावं.

ब्लड प्रेशर खुर्चीवर बसल्यानंतर पाच मिनिटांनी मोजायचं, धावत जिना चढून आल्या आल्या नव्हे. १८०/११० किंवा त्याहून जास्त आलं तर त्या दिवशी काम करायचं नाही. हार्ट अटॅकनंतर सहसा सहा महिने थांबतात. भूल टिकावी म्हणून तिच्यात मिसळलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनचा हिशोब क्लिनिकला विचारायला संकोच नको. एक लाखाला एक प्रमाणाच्या १.८ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे भुलेच्या औषधाच्या छोट्या नळीत, ०.०१८ मिग्रॅ अ‍ॅड्रिनॅलिन असतं आणि हृदयरुग्णासाठी ०.०४ मिग्रॅ ही रूढ मर्यादा आहे. म्हणजे दोन कार्ट्रिज. तेवढ्यात पूर्ण जबड्याचं काम होत नाही, ते दोन-तीन बैठकांत विभागावं लागतं. अ‍ॅड्रिनॅलिन अजिबात नको, असा आग्रहही चुकीचा: भूल अपुरी पडली तर वेदनेने शरीर स्वतःच त्याहून जास्त अ‍ॅड्रिनॅलिन सोडतं.

कृत्रिम झडप असलेल्या किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग झालेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचे २ ग्रॅम एकदाच देण्याची पद्धत आहे. स्टेंट किंवा पेसमेकर आहे एवढ्याच कारणासाठी तो डोस लागत नाही. डायलिसिसच्या रुग्णाला डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी बोलवावं, तोवर डायलिसिसवेळी दिलेल्या हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, असर उतरलेला असतो. जबड्यावर रेडिएशन झालं असेल तर किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप) आणि नेमकं कुठे, हा कागद हातात आल्याशिवाय ड्रिल उचलू नये. ५० ग्रेच्या वर धोका बराच वाढतो.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया हा या सेवेचा सर्वांत भरवशाचा भाग, पण तिथेही एका गोष्टीकडे लक्ष द्या. ड्रिल चालू असताना टोकावर थंड सलाइनची धार पडत राहिली पाहिजे. हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते आणि भाजलेलं हाड स्क्रूला धरत नाही. आधीच मंद भरणाऱ्या हाडात ही चूक दुप्पट महागात पडते. खालच्या जबड्यात संवेदना नेणाऱ्या नसेपासून किमान २ मिमी अंतर राखायचं तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचं त्रिमितीय चित्र देणारा स्कॅन, हवाच, साध्या एक्स-रेवर भागवू नये.

घरी जाताना मिळणारी चिठ्ठी मात्र नीट वाचा, कारण सगळ्यांना तीच छापील चिठ्ठी देण्याची चूक सर्रास होते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किडनीच्या रुग्णाला बाधतात, ब्लड प्रेशर वाढवतात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्राव वाढवतात. अशांना पॅरासिटामॉल बरं. मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक वॉरफरिनसोबत घेतलं तर आयएनआर झपाट्याने चढतो. सिगारेट शस्त्रक्रियेच्या किमान आठवडाभर आधीपासून पुढचे दोन महिने बंद. मधुमेह आणि सिगारेट एकत्र असतील तर सिगारेट सुटेपर्यंत आम्ही इम्प्लांट सुचवणार नाही.

साखर, ब्लड प्रेशर स्थिर असलेल्या, फाइल नीट ठेवणाऱ्या रुग्णाला ही सेवा आम्ही मनापासून सुचवतो. कॅन्सरसाठी हाडांची सलाइन चालू असलेल्यांना ब्रिज किंवा चांगली बसणारी कवळी बरी. कवळी मात्र हिरडीला कुठे घासत नाही ना, हे वरचेवर तपासून घ्यावं, कारण त्या घासण्यानेही हाड उघडं पडू शकतं. कॅप बसल्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी सफाईला जायचं. इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजली तरी बरेचदा दुखत नाही, ब्रश करताना येणारं रक्त हीच पहिली खूण. शेवटची कॅप बसेल त्या दिवशी इम्प्लांटचं कार्ड मागून घ्या: कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. दहा वर्षांनी आतला छोटा स्क्रू सैल झाला, तर नव्या डॉक्टरला कोणता स्क्रूड्रायव्हर लागेल हे त्यावरूनच कळतं. ते कार्ड औषधांच्या यादीसोबत, त्याच पिशवीत ठेवा.