ओमेगा-३ साठी कॅप्सूल, जवस की बांगडा?

डॉक्टर ‘ओमेगा-३ वाढवा’ म्हणतात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतात. ही उपयुक्त जातीची चरबी कशातून वाढवायची हे आपलं आपण ठरवायचं. मी तिन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र माझं सोडा, आधी डॉक्टरांना विचारा.

जवसाचं आधी उरकतो. चटणी स्वस्त, ज्वारीच्या भाकरीबरोबर तिला तोड नाही, आणि जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३च असतं. पण ते एएलए, म्हणजे ओमेगा-३चा वनस्पतींतला प्रकार. रक्तवाहिनीच्या अस्तरावरचा दाह कमी करण्यात ज्यांचं नाव घेतात ते ईपीए आणि डीएचए हे दुसरे दोन प्रकार, आणि एएलएपासून ईपीए आपलं शरीर फार थोडं बनवतं, डीएचए तर त्याहून कमी. शिवाय दाणे अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात, कुटून ठेवले तर खवट होतात. शाकाहारी असाल तर जरूर खा, पण लागतील तेवढेच कुटा. शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या कॅप्सूलही मिळतात. त्या मी घेतलेल्या नाहीत.

खरी निवड माशाच्या तेलाची कॅप्सूल आणि बांगडा यांच्यात. दोन्हींत ईपीए-डीएचए तयार मिळतं. पेशींच्या आवरणात ते अ‍ॅराकिडॉनिक आम्लाची (हे ओमेगा-६ घराण्यातलं) जागा घेतं, मग तिथून बनणारे ल्युकोट्राइन, म्हणजे दाह पेटवणारे रेणू, सौम्य निघतात आणि पांढऱ्या पेशींना अस्तरावर धरून ठेवणारे रेणू कमी तयार होतात. इथपर्यंत डावं-उजवं करता येत नाही.

कॅप्सूलचं माप ठरलेलं असतं, हा तिचा मोठा गुण. २०१८ साली जाहीर झालेल्या ‘रिड्यूस-इट’ चाचणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) जास्त असलेल्या ८,१७९ जणांपैकी निम्म्यांना रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए दिलं आणि त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वगैरे घटना २५ टक्क्यांनी कमी दिसल्या. पण २०२० च्या ‘स्ट्रेंग्थ’ चाचणीत ईपीए-डीएचए एकत्र, तेही ४ ग्रॅमच, देऊन फायदा दिसला नाही. पहिल्या चाचणीत तुलनेसाठी उरलेल्यांना खनिज तेल दिलं होतं, त्या तेलानेच त्यांना अपाय झाला का यावरून अजून वाद आहे. दोन्हींत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं. आणि हे सगळं औषधी दर्जाच्या मालाचं. दुकानातल्या साध्या बाटलीवर पुढे ठळक १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. बाटली फिरवून मागे पाहिलंत तर बहुधा ईपीए १८०, डीएचए १२०. बाकीचं नुसतं तेल.

तरीही मी ती चालू ठेवली असती. नडली ती ढेकर. नाश्त्याबरोबर गोळी घ्यावी, ऑफिसात पोचावं, आणि मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या वेळेला घशाशी शिळ्या माशाचा वास यावा. जेवणाच्या मधोमध घ्या, फ्रिजमध्ये ठेवून घ्या, झोपताना घ्या, सगळे सल्ले पाळले. झोपताना घेतली तर सकाळी चहाला तीच चव. मासा खाल्ल्याचं सुख नाही, वास मात्र दिवसभर! सगळ्यांनाच असं होत नाही म्हणतात. घरात बायकोला काहीच झालं नाही.

बांगड्याचे ताप वेगळे. जून-जुलैत मासेमारी बंद, जिन्यात वास, आणि त्यावर वरच्या मजल्याची नापसंती. रवा लावून भरपूर तेलात तळला तर सोयाबीन-सूर्यफुलाचं ओमेगा-६ पोटात जातं ते वेगळंच. आमच्याकडे म्हणून तिखलं होतं: लाल मिरची, आमसुलं, ठेचलेली तिरफळं, चमचाभर तेल, खोबरं नाही. कल्ले लालभडक असलेला बांगडा आठवड्यातून दोनदा, बस्स.

माझं ट्रायग्लिसराइड उतरलं, पण त्याच सुमारास संध्याकाळचं फरसाणही सुटलं, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते मी सांगणार नाही. सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाहाचं माप, साध्या आजारपणानेही वर जातं, त्यावरून निकाल लावण्यात अर्थ नाही. एवढं खरं की कॅप्सूल आठवणीने घ्यावी लागायची, तिखल्याची आठवण कुणी करून द्यावी लागत नाही.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर बांगड्याच्या भरवशावर राहू नका. तिथे औषधी डोसचाच विचार होतो, आणि तो डॉक्टरांनी करायचा.