फायर आयलंड : आईला घेऊन काढलेले अडीच दिवस

आई न्यू जर्सीत, एडिसनला माझ्याकडे आली की पहिला आठवडा छान जातो. मग ती खिडकीत उभी राहायला लागते. कराडला रोज सकाळी ती स्वतः भाजी आणते, वाटेत दोघीचौघींशी बोलून अर्ध्या तासाचं काम दीड तासात करून येते. इथे सगळ्यात जवळचं दुकान दोन मैलांवर, फूटपाथ निम्म्या वाटेत संपतो आणि पुढे चौपदरी रस्ता. कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी तिला माझी मीटिंग संपायची वाट बघावी लागते. ती तक्रार करत नाही, पण मला दिसतं.

म्हणून जुलैत फायर आयलंडवरून मैत्रिणीचा फोन आला, "काकूंना घेऊनच ये, इथे गाड्याच नाहीत," तेव्हा मी आधी घाबरलेच. आईचं वय एकाहत्तर, डावा गुडघा दुखरा. गाडी नसलेल्या बेटावर तिला कसं न्यायचं? ज्यांचे आईवडील उन्हाळ्यात अमेरिकेत आलेत आणि ज्यांना हाच प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

फायर आयलंड म्हणजे न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडच्या दक्षिणेला समुद्रात आडवा पडलेला वाळूचा पट्टा. लांबी साधारण ५० किलोमीटर, रुंदी मात्र इतकी कमी की आम्ही राहिलो त्या ओशन बीच गावात खाडीकडच्या धक्क्यावरून निघालं तर आईच्या चालीनेही दहा मिनिटांत अटलांटिक समोर येतो. दोन्ही टोकांना पुलावरून गाडी नेता येते. मधल्या वस्त्यांना बोटीनेच जायचं. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि परवानाधारक मोजकी वाहनं सोडली तर उन्हाळ्यात तिथे चाक दिसतं ते मुख्यतः हातगाडीचं. आईला समजावताना मी म्हटलं, "माथेरान समज, दस्तुरीला गाडी सोडून चालत जातो तसं." तिचा पुढचा प्रश्न, "मग घोडे आहेत का?" घोडे नाहीत, हरणं आहेत. भरपूर.

१९६० च्या दशकात रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने बेटाच्या लांबीभर रस्ता काढायचा घाट घातला होता. रहिवाशांनी तो हाणून पाडला आणि १९६४ साली इथला बराचसा किनारा राष्ट्रीय संरक्षित किनारा म्हणून जाहीर झाला. त्या लोकांनी तेव्हा नेट धरला नसता, तर माझ्या आईला ती शनिवारची सकाळ मिळाली नसती.

जायचं कसं? आम्ही शुक्रवारी दुपारी एडिसनहून न्यूयॉर्कचं पेन स्टेशन, तिथून लाँग आयलंड रेल्वेने जमैका स्टेशनला गाडी बदलून बे शोअर. स्टेशनाबाहेर धक्क्यापर्यंत टॅक्सी मिळते. फेरीबोटीला अर्धा तास लागतो. आईला बोट लागेल म्हणून मी आवळासुपारी, लिंबू, गोळी असा जामानिमा नेला होता. काही लागलं नाही. मधली ग्रेट साउथ बे ही खाडी उथळ आणि शांत आहे, आणि आई वरच्या उघड्या डेकवर पदर सावरत शेवटपर्यंत बसून राहिली. पश्चिमेला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह दिसतं, १८५८ सालचं. ते बघायची जागा तिने कुणालाही दिली नाही.

धक्क्यावर उतरलं की समोर लाल हातगाड्यांची रांग. लहान मुलांच्या खेळण्यातल्या असतात तशाच, पत्र्याच्या, काळ्या रबरी चाकांच्या, प्रत्येकीवर घराचं नाव किंवा नंबर रंगवलेला, आणि सायकलीसारखी साखळी घालून कुलूप. मैत्रिणीच्या गाडीचा दांडा गंजलेला, मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दोन बॅगा, बर्फाची पेटी आणि कलिंगड असं सगळं तीत बसलं. गल्ल्या सिमेंटच्या आणि सपाट, त्यामुळे दर फरशीच्या सांध्यावर चाक खट् वाजतं. पुढचे दोन दिवस तोच आवाज. हॉर्न नाही, ब्रेक नाही, खट्, खट्, आणि मागे लाटा.

शनिवारी सकाळी साडेसातला उठले तर आई अंथरुणात नाही. चपला नाहीत. दारातली हातगाडीही नाही. माझ्या पोटात गोळा आला, आणि मग माझ्याच लक्षात आलं की घाबरायचं काहीच कारण नाही: रस्ता ओलांडायचाच नाहीये. पाऊण तासाने खट् खट् ऐकू आलं. आई गल्लीच्या तोंडाशी, एका हाताने दांडा धरून. गाडीत दूध, पाव, चार टोमॅटो आणि शेजारच्या घरातल्या आजींनी दिलेली पुदिन्याची काडी. आदल्या संध्याकाळी दुकान कुठे आहे ते तिने बघून ठेवलं होतं. "सगळे गुड मॉर्निंग म्हणतात गं," ती म्हणाली, "मीपण म्हटलं." त्या अडीच दिवसांत ती दुकानात पाच वेळा गेली. पाचही वेळा एकटी.

समुद्राबद्दल मात्र सावध करते. हा लांबवर उथळ किनारा नव्हे. लाट काठाशीच आपटते आणि परतताना पाय ओढते. जीवरक्षक बसलेले असतात त्या भागातच उतरा. पाणी जुलैतही गार. आई घोट्याएवढ्या पाण्यात माझा हात धरून उभी राहिली, तेवढं तिला पुरलं. वाळूच्या टेकड्यांवर चढायचं नाही, लाकडी जिन्यानेच पलीकडे जायचं, कारण त्या गवताच्या मुळांनीच बेट धरून ठेवलंय. किनाऱ्यावर सावली नाही, छत्री न्या. गावात नियमांच्या पाट्या इतक्या की ओशन बीचला ‘नाहीचा प्रदेश’ असंच टोपणनाव पडलंय. किनाऱ्यावर डबा उघडायचा नाही, पाणी तेवढं चालतं. आम्ही पोहे खाऊनच निघायचो.

रविवारी वॉटर टॅक्सीने सेलर्स हेवनला गेलो, तिथलं सखल जंगल बघायला. दोन वाळूच्या टेकड्यांच्या आड दडलेलं हे झाडांचं रान. हॉलीची काही झाडं तिथे २०० वर्षांहून जुनी आहेत. खारा वारा टेकडीच्या वर डोकावणारा प्रत्येक शेंडा जाळतो, म्हणून झाडं उंच न वाढता आडवी वाढतात. वरून बघितलं तर कुणीतरी कात्रीने छाटल्यासारखं सपाट छप्पर, आत शिरलं की वाकड्यातिकड्या फांद्या आणि चक्क गारवा. फळ्यांची वाट आहे, मधे बाकं आहेत, गुडघेवाल्यांना जमतं. फळ्यांवरून उतरू नका, तीन-तीन पानांची, अंगाला लागली की पुरळ उठवणारी पॉयझन आयव्ही सगळीकडे आहे आणि गोचिडीही. ताप-सांधेदुखीचा लाइम रोग गोचिडी चावूनच होतो. रोज रात्री गुडघ्यामागे, कानामागे बघायचं, हा मैत्रिणीच्या घरचा नियम होता.

न आवडलेलं: धक्क्याजवळच्या एका हॉटेलात मांस नको असं दोनदा सांगूनही सॅलडमध्ये बेकन आलं. आई काही न बोलता उठली, घरी येऊन खिचडी टाकली. शनिवारी रात्री बारच्या बाजूला उशिरापर्यंत दंगा असतो, वयस्कर माणसं असतील तर घर तिथून चार गल्ल्या लांब बघा. किराणा महाग आहे, डाळ-तांदूळ आणि मसाले घरून न्या. रविवारी संध्याकाळच्या फेरीला मोठी रांग लागते. आम्ही दुपारचीच धरली आणि बसायला जागा मिळाली.

निघताना हातगाडी धक्क्यावर आईनेच ओढत आणली, रांगेत लावली, साखळी घातली आणि कुलपाचे आकडे फिरवून ठेवले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा जातोय. कुलपाचा नंबर तिने तिच्या छोट्या वहीत लिहून घेतलाय, औषधांच्या यादीच्या वर.