बाबांच्या ब्लॅडर कॅन्सरसाठी बीसीजीचे सहा डोस, आमचा अनुभव

बाबांची ब्लॅडरमधली (मूत्राशयातली) गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली, बायोप्सीत हाय ग्रेड (म्हणजे जास्त आक्रमक) पण स्नायूपर्यंत गेलेली नाही असं आलं आणि डॉक्टर म्हणाले आता बीसीजी. आई म्हणाली, अहो ती तर बाळांच्या दंडावर देतात ना, टीबीची लस? हो, तीच. कॅल्मेट आणि ग्वेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं गायीच्या टीबीचा जंतू परत परत वाढवून मवाळ केला, आणि १९७६ मध्ये कॅनडात डॉ. मोरालेस यांनी ९ पेशंटच्या ब्लॅडरमध्ये तो वापरल्याचं मांडलं.

डॉक्टरांनी समजावलं ते मला फार पटलं. गाठीच्या आसपास आपल्याच काही मॅक्रोफेज पेशी (जंतू गिळणाऱ्या, रोगाशी लढणाऱ्या) फितूर होऊन गाठीला पोसतात, बाकीच्या पेशींना गप्प बसवतात. हा मवाळ केलेला जंतू आत गेला की सूज येते, न्यूट्रोफिल आणि टी सेल्स या लढाऊ पांढऱ्या पेशी धावत येतात, मॅक्रोफेजही लढायला लागतात. (लिस्टेरिया नावाचा जंतू असाच मवाळ करून थेट या फितूर पेशी गाठायचे प्रयोग उंदरांवर झालेत, ते वाचून मला खूप आशा वाटली.)

औषध आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं ऑन्को-बीसीजी, ४० मिग्रॅची व्हायल, बर्फाच्या डब्यातून न्यायची. दर आठवड्याला एक असे सहा डोस, सलाईनमध्ये कालवून कॅथेटरने (लघवीच्या मार्गातून घातलेल्या बारीक नळीने) आत सोडतात, मग दोन तास लघवी धरून ठेवायची आणि मधेमधे कुशी बदलत राहायचं. बाबांना तिसऱ्या डोसनंतर प्रचंड जळजळ, दर अर्ध्या तासाला बाथरूम, रात्री कणकण, दुसऱ्या दिवशी उतरली. ताप चढला किंवा दोन दिवस टिकला तर लगेच फोन करा असं बजावलं होतं, कारण जंतू जिवंत असतो, क्वचित अंगात पसरतो आणि मग टीबीच्या गोळ्या लागतात.

आता तक्रार. पहिले दोन डोस एका हॉस्पिटलच्या डे केअरला घेतले, तिथं घरी काय करायचं ते कुणी धड सांगितलंच नाही. सहा तास बसूनच लघवी करायची, दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतून १५ मिनिटं थांबून मग फ्लश, हे आम्हाला तिसऱ्या डोसला दुसऱ्या सेंटरच्या सिस्टरकडून कळलं, घरात दीड वर्षाचा नातू आहे हो, मला त्या रात्री झोप नाही लागली. त्या सिस्टर मात्र सोनं. लघवीत रक्त दिसत होतं म्हणून त्यांनी पाचवा डोस सरळ पुढे ढकलला, बाबा चिडले तरी ऐकलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघितलं, ब्लॅडर स्वच्छ. औषधाला पाचपैकी पाच, दुसऱ्या सेंटरला पाच, पहिल्याला दोन. आता मेन्टेनन्सचे (आजार परत येऊ नये म्हणून) तीन डोस, पुढच्या मंगळवारपासून, ब्लीचची बाटली आधीच आणून ठेवलीय.