ओव्हरक्लॉकचं नाव काढलंत की दुकानदाराला पळवाट मिळते

कॉम्प्युटरचे पार्ट घ्यायला जाल तेव्हा आपण ओव्हरक्लॉक करणार आहोत, म्हणजे पार्ट कंपनीनं ठरवून दिलेल्या स्पीडपेक्षा जास्त पळवणार आहोत, हे दुकानात सांगू नका. सांगितलंत की समोरचा आधी 'ओसी' (ओव्हरक्लॉक), 'गेमिंग', 'एक्स्ट्रीम' असले शिक्के मारलेला माल पुढे सरकवतो, आणि तो माल बंद पडला की 'तुम्ही ओव्हरक्लॉक केलंत, वॉरंटी गेली' म्हणून हात झटकतो. आम्हाला हे दोन्ही अनुभव एकाच दुकानात आले.

२०२३ मधली गोष्ट. सांगलीत भाच्यासाठी मशीन जुळवायचं होतं. इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग, थोडं थ्री-डी, आणि अर्थातच गेम. पैसे माझे, यादी माझी, आणि मुंबईला जाऊन उचलायचं काम भाच्याचं. यादीत काही जगावेगळं नव्हतं. प्रोसेसर एएमडीचा रायझन ५ ५६००, सहा कोअरचा. त्याच्यासाठी बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड; बोर्डावर काय काय करता येईल ते ही चिपसेट ठरवते. रॅमच्या आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४, ३६०० स्पीडच्या. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र). ग्राफिक्स कार्ड आरएक्स ५८०, ते आमच्या ओळखीच्याकडून आधीच घेऊन ठेवलं होतं. ओव्हरक्लॉक म्हणाल तर अगदी बेताचं: रॅम तिच्या छापील स्पीडला चालवायची आणि प्रोसेसरला बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधून, शे-दोनशे मेगाहर्ट्झची मोकळीक द्यायची. पाण्याचे पाइप, काचेचं कॅबिनेट असला थाट नाही.

मुंबईत कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर भाच्यानं चार दुकानांत कोटेशन घेतलं. चौथ्यानं बाकीच्यांपेक्षा दीड-दोन हजारांनी कमी सांगितलं, वर असेंबल करून फुकट देतो म्हणाला. भाच्यानं उत्साहाच्या भरात 'आम्हाला थोडं ओव्हरक्लॉक करायचंय' असं सांगून टाकलं. त्यावर पहिला प्रयत्न बोर्डावर झाला. 'बी५५० का स्टॉक नहीं है, ए५२० ले लो, सेम ही है.' सेम नाही. ए५२० मध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोयच दिलेली नाही. इंटेलच्या बाजूलाही असाच खेळ चालतो. मोकळ्या मल्टिप्लायरचा, म्हणजे स्पीड वाढवायला मोकळा ठेवलेला 'के' प्रोसेसर गळ्यात मारायचा आणि खाली बी७६० बोर्ड द्यायचा. त्यात रॅमचा स्पीड वाढवता येतो, प्रोसेसरचा वाढवायचा तर झेड७९० सारखा झेड चिपसेट लागतो. भाच्यानं मला फोन लावला, मी नाही म्हटलं, आणि दहा मिनिटांत नसलेला बी५५० गोडाउनमधून आला.

मग दुकानदार म्हणाला, ओव्हरक्लॉक करताय तर ५५० वॉट कमी पडेल, त्याच पैशात ६०० वॉटचा 'गेमिंग' एसएमपीएस देतो. रॅमही यादीतल्या कंपनीची नाही, पण 'ओसी एडिशन' आहे, लाल हीट स्प्रेडरवाली (उष्णता पसरवणारा पत्रा). भाच्याला वाटलं, जास्तच मिळतंय. दुसऱ्या दिवशी मशीन तयार मिळालं. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर दुकानाचं स्टिकर: फाटलं तर वॉरंटी रद्द. रॅमचा आणि एसएमपीएसचा खोका मागितला तर 'टेस्टिंग में खोला था, फेंक दिया.' रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मशीन सांगलीत आलं.

बिलही नीट बघण्यासारखं होतं. कच्चं नाही, चांगलं पक्कं, १८ टक्के जीएसटी लावलेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं. प्रोसेसर आणि बोर्डापुढे पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर. रॅमपुढे मात्र नुसतं 'रॅम ८ जीबी, २ नग', आणि खाली 'एसएमपीएस, १ नग'. कंपनी नाही, स्पीड नाही, वॉट नाही, सीरियल नाही. जे खरं दिलं ते तपशिलानं लिहिलं आणि जे खोटं दिलं ते मोघम ठेवलं. पक्कं बिल म्हणजे आपण सुरक्षित, असं समजणाऱ्यांनी ही मेख लक्षात घ्यावी.

मशीन लावलं, चालू झालं. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड २१३३. यात घाबरण्यासारखं काही नसतं. एक्सएमपी, म्हणजे छापील स्पीडचं तयार सेटिंग, बंद असताना रॅम अशाच मूळ स्पीडला उठते, छापील स्पीड बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. केला. पडदा काळा, पंखे फिरताहेत, चित्र नाही. बायोस रीसेट करून ३४०० ला प्रयत्न, तेच. ३२०० ला विंडोज आलं, पण रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्रोग्रॅम लावल्यावर पहिल्याच फेरीत चुकांच्या लाल ओळी धडाधड यायला लागल्या. शेवटी २४०० ला चाचणी स्वच्छ पार पडली.

मग पार्टची माहिती दाखवणारा सीपीयू-झेड प्रोग्रॅम उघडला. त्यात एसपीडी नावाचं पान असतं. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, ती बोर्डाला सांगते की मी अमुक कंपनीची, अमुक स्पीडची, माझी रचना अशी. ही चिप पुन्हा लिहिता येते, आणि सगळा बनाव तिथेच होतो. दोन्ही स्टिकवर एक्सएमपी ३६०० लिहिलेलं होतं. पण उत्पादकाच्या रकान्यात काहीच नाही आणि सीरियल नंबर दोन्हींवर सगळे शून्य. त्याहून महत्त्वाचा रकाना रँकचा, म्हणजे स्टिकवरच्या मेमरी चिप किती गटांत मांडल्यात त्याचा. एक स्टिक सिंगल रँक, दुसरी ड्युअल. एकाच पाकिटातून आलेल्या जोडीत हे होत नाही. स्पीडबद्दल, कंपनीबद्दल चिपला वाटेल ते खोटं बोलायला लावता येतं, पण आपल्यावर मेमरीच्या चिप किती आणि कशा बसवल्यात याबद्दल ती खोटं बोलली तर मशीन उठतच नाही. म्हणून बनावट करणाऱ्याला हा रकाना खरा ठेवावा लागतो, आणि तिथेच तो सापडतो.

कॅबिनेटचं स्टिकर फाडायच्या आधी त्याचा व्हिडिओ काढला, मग झाकण उघडलं. स्टिक काढून हीट स्प्रेडरच्या खालच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारला. एकीवर एका बाजूलाच चिप, दुसरीवर दोन्ही बाजूंना. कडेच्या चिपवर कंपनीचं छापलेलं नाव असायला हवं, तिथे घासून काढल्याचा खरखरीत राखाडी पट्टा. वरच्या स्टिकरवर दोन्ही स्टिकचा सीरियल नंबर एकच, शेवटच्या अंकापर्यंत. कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातली २१३३-२४०० ची जुनी रॅम, तिला लाल पत्रा चढवून 'ओसी एडिशन' केलेली. पत्रा न काढता हे सगळं दिसलं हे बरं झालं. पत्रा काढला असता तर 'तुम्हीच छेडछाड केली' म्हणायला दुकानदार मोकळा.

एसएमपीएसची गंमत वेगळीच. प्रोसेसरवर लोड टाकणारं सिनेबेंच आणि ग्राफिक्स कार्डावर टाकणारं फरमार्क एकत्र चालवलं की मशीन खटकन बंद. प्रोसेसर तेव्हा मूळ स्पीडला, रॅम २४०० ला, म्हणजे ओव्हरक्लॉकचा नावालाही संबंध नाही. एसएमपीएसच्या अंगावर मोठ्या अक्षरात ६०० वॉट. बाजूच्या तक्त्यात बारीक अक्षरात १२ व्होल्टखाली २४ अँपिअर. बारा गुणिले चोवीस म्हणजे २८८ वॉट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, त्यामुळे खरा आकडा हाच. रायझन ५ ५६०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी तो सॉकेटमधून ७६ वॉटपर्यंत ओढू शकतो. आरएक्स ५८० चं रेटिंग १८५ वॉट. बोर्ड, पंखे, डिस्क धरा. तीनशेच्या घरात गेलो, आणि २८८ हा आकडा तरी कुठे खरा मानायचा!

त्याच्यावर '८५+' असा सोनेरी बिल्ला होता. असा दर्जाच नाही. ८० प्लसमध्ये साधा, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम असे नावांचे प्रकार असतात, आणि ज्यांना प्रमाणपत्र मिळालंय त्यांची यादी ८० प्लसच्या साइटवर कोणालाही बघता येते. एक सोपी खूण दुकानात उभ्या उभ्या बघता येईल: मागे ११५-२३० असा लाल खटका असेल तर तो एसएमपीएस ८० प्लस असणं जवळपास अशक्य. प्रमाणपत्रासाठी पॉवर फॅक्टर (लाइनमधून वीज किती नीट ओढली जाते त्याचं माप) ०.९ लागतो, त्यासाठी आत जी सर्किट बसवतात ती असली की व्होल्टेज आपोआप जुळतं, खटका लागत नाही. आमच्याला खटका होता. आणि वजन हातात घेतलं तर रिकाम्या डब्यासारखं.

फोन केला. भाच्याचा आवाज ऐकताच पहिलं वाक्य: 'ओसी किया ना आपने? फिर वॉरंटी कैसी?' म्हणजे त्या दिवशीचं बोलणं त्यानं नीट जपून ठेवलं होतं. यात अर्धं खरं आहे, म्हणून ते पचतं. एएमडी स्वतःच सांगते की ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर प्रोसेसर किंवा मेमरी चालवली तर वॉरंटी लागू नाही, आणि ५६०० साठी मेमरीची अधिकृत मर्यादा ३२०० आहे. म्हणून मी ३६०० चा विषयच काढला नाही. ३२०० ला येणाऱ्या लाल ओळी आणि मूळ सेटिंगवर बंद पडणारं मशीन, हे दोनच व्हिडिओ पाठवले. बायोसचं पान, चाचणी, निकाल, एकाच सलग चित्रणात. प्रोसेसरची वॉरंटी प्रोसेसर बनवणाऱ्याची; तिचा या रॅमशी आणि एसएमपीएसशी काय संबंध, असंही विचारलं. उत्तर नाही. नंतर 'सेठ बाहर गए हैं' सुरू झालं.

त्यामुळे नवीन मशीन आल्यावर पहिला आठवडा त्याच्या सेटिंगला अजिबात हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. सगळं मूळ सेटिंगवर ठेवून मेमटेस्ट रात्रभर, मग प्रोसेसर आणि कार्डावर एकत्र लोड, आणि या सगळ्याचं चित्रण. ओव्हरक्लॉक त्यानंतर. खऱ्या पार्टमध्ये थोडी वरची जागा शिल्लक असते. बनावट पार्ट मुळातच त्याच्या वरच्या टोकाला नेऊन ठेवलेला असतो, त्याला जरा ढकललं की तो बोलतो. भाच्यानं हे मशीन नुसतं गेमला वापरलं असतं तर मधूनमधून अडकणं, निळा पडदा, विंडोजला शिव्या, असं करत वर्ष निघून गेलं असतं.

ग्राफिक्स कार्ड आमचं नीट निघालं, पण तिथेही सावध राहा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्ड राबवून चलन कमावणं) बंद पडलं, आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं पुसून-झटकून बाजारात आली. आरएक्स ५८० च्या नावानं तर दोन वेगळी कार्डं विकली जातात. खऱ्यात २३०४ शेडर, म्हणजे चित्राची आकडेमोड करणारे बारके भाग, असतात. '२०४८ एसपी' वाल्यात नावाप्रमाणे २०४८, म्हणजे तो आरएक्स ५७० चाच भाऊ. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये शेडरचा आकडा दिसतो, तो बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कार्डाचं बायोस बदलून जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवलेले नमुनेही भरपूर. २०१८ पासून जीपीयू-झेड तसल्या कार्डाच्या नावापुढे सरळ 'फेक' लिहून दाखवतं.

सगळा बाजार चोर आहे असं मी म्हणणार नाही. नंतर योग्य रॅम आणि ब्राँझ एसएमपीएस आम्ही त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानातून घेतला. बंद खोका समोर फोडला, सीरियल नंबर बिलावर लिहून दिले, दोन पैसे जास्त घेतले. मशीन आता ३६०० ला चालतं, प्रोसेसर ४.६ गिगाहर्ट्झच्या आसपास जातो, आणि फरमार्क कितीही वेळ चालवा.

पहिल्या दुकानाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर केली. तक्रारीचा नंबर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यावर बाहेरगावी गेलेले सेठ लगेच परतले. रॅमचे पैसे खात्यात आले, एक शब्द न बोलता. एसएमपीएसचे दिले नाहीत. 'उसका सिर्फ टेस्टिंग वॉरंटी था,' म्हणे, म्हणजे दुकानात चालू करून दाखवण्यापुरतीच. बिलावर असलं काही लिहिलेलं नाही. ताई म्हणते, एवढ्याशा रकमेसाठी कशाला डोकं फोडतोस. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दुकान मुंबईत असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. एसएमपीएस तसाच खोक्यात सील करून ठेवलाय, अर्ज सांगलीतच दाखल केलाय.