ओआरएसची साधी पुडी: चव बेताची, काम चोख

देवगडात आंब्याचा हंगाम म्हटला की बागेत गडीमाणसं, एप्रिल-मेचं ऊन आणि कुणाचं तरी बिघडलेलं पोट हे आलंच. त्यामुळे गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई देतात ती ओआरएसची, म्हणजे जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारी, फुकट पुडी आमच्या फडताळात कायम असते. हे परीक्षण तिचंच; मेडिकलात मिळणाऱ्या रंगीत खोक्यातल्या गोड पेयांचं नव्हे.

चवीबद्दल आमच्या गड्याचं मत एका वाक्यात: "मास्तर, ह्या काय खारट पानी? ह्येच्यापेक्षा सरबत बरा!" खोटं नाही. पण पुडी उलटी करून वाचा. २०.५ ग्रॅममध्ये ग्लुकोज १३.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, मीठ २.६ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं सूत्र हेच. जन्मभर जीवशास्त्र शिकवल्यामुळे माझा डोळा त्या दीड ग्रॅमवर जातो.

ग्लुकोज सोडियमला घेऊन आतड्याच्या पेशीत शिरतं, पाठोपाठ पाणी, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगत नाही. आत आलेलं सोडियम पेशीतला पंप रक्ताच्या बाजूला काढतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. जुलाबात पोटॅशियम वाहून गेलं की पेशीतलाही साठा घटतो आणि त्या जागी हायड्रोजन आयन आत सरकतात, म्हणजे पेशीच्या आत आम्लता वाढते. एरवी हे आम्ल बाहेर काढणारी एक यंत्रणा असते, पण ती चालते पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या सोडियममधल्या फरकावर, आणि तो फरक राखतो पोटॅशियम लागणारा हाच पंप. मोठ्या आतड्यात तर पोटॅशियम आत घेऊन थेट हायड्रोजन बाहेर टाकणारा वेगळा पंपही आहे. पोटॅशियम फार घटलं तर आतड्याचे स्नायू मंदावतात, पोट फुगतं. जुलाबाबरोबर आम्लता मारणारं बायकार्बोनेट जाऊन रक्त आम्ल होतं ते वेगळंच, त्यासाठी सायट्रेट.

म्हणून मीठ-साखरेचं पाणी आणि मीठ घातलेली पेज अडीअडचणीला ठीक, पण त्यांत पोटॅशियम नावापुरतं. शहाळ्यात ते भरपूर, तर सोडियम तोकडं. आमच्याकडे शहाळ्यावर फार भिस्त, हे सांगून बऱ्याच जणांचा रोष ओढवून घेतलाय.

तक्रारी आहेत. पुडीवरची अक्षरं मुंगीएवढी. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात घालायची, हे ठळक छापायला काय जातं? लोक पेल्यात चमचा-चमचा घालतात, प्रमाण पार बिघडतं. मी पाण्याची रिकामी लिटरची बाटली वापरतो. पावसाळ्यात फोडून ठेवलेली पुडी इथल्या दमट हवेत गोळा होते, तेव्हा अर्धी राखून ठेवू नका. कालवलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर माडाच्या आळ्यात. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण अक्षरांसाठी कापला, चवीसाठी नाही.