डायनोसॉरची अंडी फोडायचा संच : अंडी झकास, कार्डं भकास

बॉक्समध्ये प्लास्टरची बारा अंडी, तेवढ्याच प्लास्टिकच्या छिन्न्या, तेवढेच ब्रश आणि प्रत्येक डायनोसॉरचं एकेक माहितीकार्ड. अंडं खरवडत जायचं, आतून डायनोसॉर निघतो. मी जीवशास्त्र शिकवते. त्यामुळे ज्या भाचीसाठी हे घेतलं तिच्यापेक्षा मीच त्यात जास्त रमले आणि चुकाही काढल्या, हे आधीच सांगून टाकते.

खेळ म्हणून संच उत्तम आहे. प्लास्टर बेताचं कडक आहे. कोरडं खरवडलं तर पांढरी भुकटी घरभर होते आणि नाकातोंडात जाते, म्हणून अंडं आधी जरा ओलं करा. मग लगदा निघत जातो आणि कुठेतरी शेपटीचं हिरवं टोक डोकावतं. तिथे छिन्नी ठेवून ब्रश घ्यायचा, हे भाचीला सांगावं लागलं नाही. ब्रश मात्र अगदीच सुमार, केस गळून ओल्या प्लास्टरला चिकटतात. त्यापेक्षा जुना टूथब्रश बरा.

आता चुका. सगळी अंडी एकाच साच्यातली, कोंबडीच्या अंड्याच्या घाटाची. खरं तर टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अवाढव्य डायनोसॉरची अंडी जवळजवळ गोल असायची आणि चोचवाल्या ओव्हिरॅप्टरच्या कुळातली चांगली लांबुडकी. आतला डायनोसॉर पूर्ण वाढलेला, जबडा वासून उभा! चीनमधल्या डायनोसॉरच्या ज्या भ्रूणाचं वर्णन 2021 साली प्रसिद्ध झालं, तो अंड्यात पाठ वाकवून, डोकं पोटाशी घेऊन बसलेला आहे, बाहेर पडायच्या बेतातलं पक्ष्याचं पिल्लू बसतं तसा. तसं एक जरी चित्र कार्डावर असतं तर मी खूश झाले असते. उलट ओव्हिरॅप्टरच्या कार्डावर ‘दुसऱ्यांची अंडी पळवणारा’ असं ठोकून दिलंय. मंगोलियात 1923 साली त्याचा सांगाडा ज्या अंड्यांपाशी सापडला, ती प्रोटोसेराटॉप्स या दुसऱ्याच डायनोसॉरची समजली गेली आणि बिचाऱ्यावर आळ आला. तशाच अंड्यात 1993 साली ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला भ्रूण मिळाला, म्हणजे आळ खोटा. पुढे या कुळातले प्राणी स्वतःच्या घरट्यावर बसलेल्या स्थितीतही सापडले. खेळणं बनवणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

पण माझा खरा राग पहिल्या कार्डावर आहे. ‘डायनोसॉर सरपटणारे प्राणी होते, म्हणून ते अंडी घालत.’ भाचीने ते वाचलं आणि विचारलं, ‘‘मावशी, हत्ती एवढा मोठा असून पिल्लू देतो, मग हे एवढे मोठे अंडं का घालायचे?’’ कार्डात याचं उत्तर नाही. शिवाय जे लिहिलंय ते कारणही नव्हे. घोणस सरपटणारीच आहे, पण ती पिल्लं देते. सरडे आणि सापांच्या निरनिराळ्या शाखांमध्ये पिल्लं देण्याची पद्धत शंभराहून जास्त वेळा स्वतंत्रपणे आली आहे. डायनोसॉरच्या काळात समुद्रात पोहणारे इक्थिओसॉरही पिल्लंच देत.

भाचीला मी आकारापासून सांगायला सुरुवात केली. अंड्यातला जीव कवचाच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो. अंडं मोठं होत गेलं की आतला ऐवज कवचाच्या पृष्ठभागापेक्षा फार वेगाने वाढतो. तो पेलायला कवच जाड लागतं, आणि कवच जाड झालं की हवा आत जाणं आणि पिल्लू बाहेर येणं, दोन्ही अवघड. त्यामुळे टायटॅनोसॉर कितीही अवाढव्य असला तरी त्याचं अंडं साधारण 15 सेंटीमीटर व्यासाचं. म्हणजे एक मोठं पिल्लू हा मार्गच बंद. घालायची तर पुष्कळ लहान अंडी. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात टायटॅनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी मिळाल्याचं 2023 साली प्रसिद्ध झालं. उलट हत्तीण सुमारे 22 महिने बहुधा एकच पिल्लू पोटात वागवते. दुष्काळात कळप संपला की भरून यायला किती काळ जाईल! अंडी घालणाऱ्यांची संख्या त्यामानाने लवकर सावरते. डायनोसॉर एवढे प्रचंड होऊ शकले यामागे हेही एक कारण असावं, असं काही अभ्यासक मानतात.

मग घोणशीसारखी अंडी पोटातच का नाही ठेवली? डायनोसॉरच्या गोतावळ्यातले आज उरलेले दोघे म्हणजे मगरी आणि पक्षी, आणि त्यांतली एकही जात पिल्लं देत नाही. एक स्पष्टीकरण असं, की त्यांचा भ्रूण हाडांसाठीचं कॅल्शियम बरंचसं कवचातून घेतो. अंडं पोटात ठेवायचं तर कवच पातळ व्हायला हवं, आणि मग कॅल्शियम आणायचं कुठून? ऐकायला छान आहे, पण मला पुरतं पटत नाही. प्रोटोसेराटॉप्सची अंडी मऊ कवचाची होती, हे 2020 साली कळलं. आणि डायनोसॉर, मगरी, पक्षी यांच्याच विस्तृत घराण्यातला डायनोसेफॅलोसॉरस हा लांब मानेचा सागरी प्राणी पिल्लं देत होता, हे 2017 च्या संशोधनातून दिसलं. म्हणजे अशक्य असं काही नव्हतं. मला वाटतं, त्यांना गरजच पडली नाही. इक्थिओसॉरला किनाऱ्यावर चढता येत नव्हतं, थंड प्रदेशातल्या सरड्यांना अंडी उबदार ठेवायची अडचण. डायनोसॉर जमिनीवर होते. कुणी अंडी पुरायचं, कुणी स्वतः वर बसायचं. चाललंय ते मोडायला काही निमित्त तरी हवं ना!

एवढं सगळं कार्डावर मावणार नाही, कबूल. पण कवचाची छिद्रं आणि हत्तीण दोन ओळींत सहज मावली असती.

खेळाला पाचपैकी साडेचार, कार्डांना एक. जरूर घ्या, खाली जुनी चादर अंथरा, आणि प्लास्टरचा लगदा बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात घट्ट बसतो. आतले डायनोसॉर बोटाएवढेच आहेत, त्यामुळे सगळं तोंडात घालणारं मूल घरात असेल तर अजून थांबा.